मेंदूतल्या फुग्यासाठी स्टेंट: कॉइलला टेकू देणारा की प्रवाह वळवणारा?

गेल्या आषाढात देवगडकडचं एक जोडपं माझ्या दवाखान्यात आलं. छत्री बाहेर ठेवून काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. काकू पन्नाशीच्या. सारखी चक्कर येते म्हणून एमआरआय केला, तर डाव्या डोळ्यामागच्या मोठ्या नसेवर ८ मिलिमीटरचा फुगा निघाला. फुग्याचं तोंड ५ मिलिमीटर. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: स्टेंट लावून कॉइल. मुंबईच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: फ्लो डायव्हर्टर. काका म्हणाले, “मॅडम, ह्या दोन कागदांतलो खरो खयचो?”

दोन्ही खरे होते, आणि अडचण तिथेच होती.

मी स्वतः स्टेंट बसवत नाही. मी तालुक्याच्या गावातली फिजिशियन. पण मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यातल्या बांबोळीहून स्टेंट बसवून आलेली माणसं नंतरची कित्येक वर्षं माझ्याकडेच येतात. अंगावर काळेनिळे डाग आले म्हणून, गोळी संपली म्हणून, दाढ दुखते म्हणून. कॅथलॅबमधल्या (नसेतून नळी घालून उपचार करतात त्या खोलीतल्या) दोन-तीन तासांपेक्षा त्यानंतरचं वर्ष मला जास्त ठाऊक आहे. म्हणून हा आढावा मी त्या वर्षाच्या बाजूने लिहिते आहे. तुमच्या घरातही असे दोन कागद आले असतील, तर निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांसमोर बसण्याआधी एवढं वाचून जा.

फुगा म्हणजे काय, आणि घाई कितपत

मेंदूकडे रक्त नेणारी नस जिथे वळते किंवा तिला फाटा फुटतो, तिथे तिची भिंत कधीकधी पातळ होते आणि रक्ताच्या दाबाने बाहेर फुगते. वैद्यकात याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. मोठ्या माणसांत शंभरात साधारण तिघांना असा फुगा असतो आणि त्यातल्या बहुतेकांना तो जन्मभर कळत नाही. बायकांमध्ये जास्त, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त, रक्तदाब वाढलेल्यांत जास्त. घरात दोघा जवळच्या नातेवाइकांना असेल, तर बाकीच्यांनाही तपासायला सांगतात.

फुटला तर तो जिवावरचा असतो. पण प्रत्येक फुगा फुटत नाही. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत मेंदूच्या पुढच्या बाजूच्या नसांवरचे ७ मिलिमीटरपेक्षा लहान फुगे, पूर्वी रक्तस्राव झालेला नसेल तर, पाच वर्षांत जवळजवळ फुटलेच नाहीत. ७ ते १२ मिलिमीटरच्या फुग्यांचं प्रमाण २.६ टक्के होतं. तेवढाच फुगा मागच्या बाजूच्या नसांवर असेल, तर १४.५ टक्के. २०१२ च्या जपानी पाहणीत सगळे आकार धरून वर्षाला ०.९५ टक्के फुगे फुटले. म्हणजे आकाराइतकीच जागाही महत्त्वाची. काही फुग्यांच्या बाबतीत दर वर्षी फोटो काढून लक्ष ठेवणं, बिडी आणि मशेरी सोडणं आणि रक्तदाब ताब्यात ठेवणं हाच योग्य उपचार असतो. डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: “काहीच केलं नाही तर?” न फुटलेल्या फुग्यासाठी विचार करायला आठवडे असतात. कुणी “उद्याच करा” म्हणालं, तर कारण विचारा.

(अचानक, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, उलटी, मान ताठणं, शुद्ध हरपणं ही मात्र फुगा फुटल्याची लक्षणं. तेव्हा हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. वाटेत अ‍ॅस्पिरिन देऊ नका.)

कळशी आणि टोप

कॉइल म्हणजे प्लॅटिनमची केसासारखी बारीक तार. जांघेतल्या किंवा मनगटातल्या नसेतून नळी फुग्यापर्यंत न्यायची आणि ही तार आत गुंडाळत भरायची. आत रक्त साकळतं, फुगा बंद होतो. गुलिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी अशी सोडता येणारी कॉइल १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात वापरली, १९९५ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. फुटलेल्या फुग्यांच्या २,१४३ रुग्णांवर झालेल्या आयसॅट अभ्यासाचा निष्कर्ष २००२ साली आला. वर्षभराने मृत किंवा परावलंबी झालेले रुग्ण कॉइलच्या गटात २३.७ टक्के होते आणि कवटी उघडून फुग्याच्या तोंडाला चिमट्यासारखी क्लिप लावलेल्या गटात ३०.६ टक्के. तिथून कॉइलचा काळ सुरू झाला.

कॉइलचं सगळं काही फुग्याच्या तोंडावर अवलंबून आहे. कळशीत तांदूळ भरले तर ती आडवी झाली तरी बरेचसे आत राहतात. पसरट टोप कलंडला की सगळे बाहेर. तोंड ४ मिलिमीटर किंवा जास्त असेल, किंवा फुग्याची रुंदी तोंडाच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर डॉक्टर त्याला ‘वाइड नेक’ म्हणतात. अशा फुग्यातून कॉइलचं वेटोळं मुख्य नसेत घसरू शकतं. शिवाय नुसत्या कॉइलने भरलेले फुगे पुन्हा उघडतात. अनेक अभ्यासांच्या २००९ च्या एका मोठ्या संकलनात हे प्रमाण २०.८ टक्के होतं आणि १०.३ टक्के फुग्यांवर पुन्हा उपचार करावा लागला. तारेचा गुंता रक्ताच्या माऱ्याने हळूहळू आत दबतो आणि तोंडाशी पुन्हा पोकळी होते.

काकूंच्या फुग्याचं तोंड ५ मिलिमीटर, म्हणजे टोप. स्टेंट आला तो यासाठी.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण तो जवळजवळ प्रत्येक घरात असतो. हृदयाचा स्टेंट बंद पडत आलेली नस उघडण्यासाठी असतो आणि बहुतेक वेळा आतल्या बलूनने फुलवतात. मेंदूत फुगा असलेली नस उघडीच असते. तिथला स्टेंट नळीतून सुटला की आपोआप उमलतो आणि नसेच्या आतून कुंपणासारखा उभा राहतो.

टेकू देणारा स्टेंट

कोल्हापूरच्या कागदावरचा तो हा. जाळीचा स्टेंट फुग्याच्या तोंडासमोर लावायचा, कॉइल फुग्यात भरायच्या, आणि जाळीमुळे त्या आतच राहतात. या कामासाठीचा पहिला स्टेंट न्यूरोफॉर्म, २००२ साली अमेरिकेत मर्यादित परवानगीवर आला. निकेल आणि टायटॅनियमच्या निटिनॉल या मिश्रधातूचा. दाबला तरी मूळ आकार आठवणारा हा धातू.

या स्टेंटमध्येही तीन तऱ्हा आहेत, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला त्या समजायला वेळ लागत नाही. रापणीचं जाळं, पागाचं जाळं आणि सुंगटांचं जाळं सारखं नसतं. आस, म्हणजे जाळ्याच्या घराचा आकार, किती आणि गाठ कशी, यावर जाळं काय धरील ते ठरतं.

उघड्या घरांच्या जाळीत प्रत्येक घर शेजारच्याला सगळीकडे जोडलेलं नसतं. त्यामुळे वळणाच्या नसेत ती भिंतीला छान बसते. पण वळणाच्या बाहेरच्या अंगाला घरं फाकतात आणि कॉइल डोकावू शकते. जुना न्यूरोफॉर्म अर्धवट सुटला की परत आत ओढता येत नसे. बंद घरांच्या जाळीत, उदाहरणार्थ २००७ च्या एंटरप्राइझमध्ये, सगळी घरं एकमेकांना जोडलेली. अर्ध्याहून अधिक सुटल्यावरही ती परत आत घेऊन नीट लावता येते, हा मोठा फायदा. पण तीव्र वळणावर ती चपटी होते, भिंतीपासून सुटते, आणि त्या फटीत गुठळी धरण्याची भीती. तिसरी तऱ्हा विणलेल्या तारांची: एल्व्हिस, लिओ. आस बारीक, एक्स-रेत नीट दिसणारी. मात्र डॉक्टरांना ती ढकलत, उमलवत बसवावी लागते आणि त्याला सराव लागतो.

अलीकडचा न्यूरोफॉर्म अ‍ॅटलास २०१९ साली अमेरिकेत पूर्ण परवानगी मिळवून आला. तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी पोकळीच्या नळीतून जातो. म्हणून फुगा दूरच्या, बारीक फाट्यावर असेल तर तो कामी येतो. १८२ रुग्णांच्या अभ्यासात पुढच्या बाजूचे रुंद तोंडाचे ८४.७ टक्के फुगे वर्षभराने पूर्ण बंद होते, पुन्हा उपचार न करता आणि स्टेंटमध्ये नस लक्षणीय अरुंद न होता. मोठा पक्षाघात किंवा मृत्यू ४.४ टक्के.

या तिन्हींतला कोणता, हे तुम्ही ठरवायचं नाही. ते नसेच्या वळणावरून आणि डॉक्टरांच्या हाताच्या सवयीवरून ठरतं. माझ्या मते सवयीला जास्त वजन द्यावं. ज्या डॉक्टरांनी एक स्टेंट शंभर वेळा लावला आहे त्यांना तोच लावू द्या. मासिकात वाचलेल्या नव्या नावाचा हट्ट धरू नका.

प्रवाह वळवणारा

मुंबईच्या कागदावरचा फ्लो डायव्हर्टर दिसायला स्टेंटच, पण काम उलटं. इथे फुग्यात सहसा काहीच भरत नाहीत. तोंडासमोरून इतकी बारीक विणलेली नळी घालायची की रक्त फुग्यात घुसण्याऐवजी सरळ पुढे जाईल. साधा स्टेंट नसेच्या भिंतीचा दहा टक्क्यांच्या आसपास भाग धातूने झाकतो, विणलेला वीसच्या आसपास, आणि फ्लो डायव्हर्टर तीस ते पस्तीस.

माडा-पोफळीच्या वाडीत पाट सोडलेला ज्याने पाहिला आहे त्याला हे लगेच कळेल. पाटाच्या कडेला खळगा असेल तर पाणी त्यात वळसे घेत राहतं आणि कड खात राहतं. खळग्याच्या तोंडाशी काटक्या-झावळ्या लावल्या की आतलं पाणी मंदावतं, गाळ बसतो, आणि एका मोसमात खळगा बुजतो. पण त्याच पाटाला पुढच्या आळ्याकडे जाणारी वाट असेल, तर काटक्यांमधूनही पाणी तिकडे जातच राहतं, कारण पुढे ओढ आहे. फ्लो डायव्हर्टरचं असंच. फुग्याला पुढे वाट नाही, तिथलं रक्त थांबतं आणि साकळतं. डोळ्याकडे जाणाऱ्या फाट्याला पुढे ओढ आहे, म्हणून तो बहुतेक वेळा उघडा राहतो. पुढच्या महिन्यांत नसेचं अस्तर जाळीवरून वाढतं आणि ती भिंतीचाच भाग होते.

पाइपलाइन नावाच्या प्रसिद्ध यंत्रात ४८ तारा विणलेल्या असतात: कोबाल्ट-क्रोमच्या, आणि एक्स-रेत दिसावं म्हणून काही प्लॅटिनम-टंगस्टनच्या. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. फ्रेड, सरपास, सिल्क, पी६४ ही आणखी काही नावं. पाइपलाइनच्या नव्या आवृत्तीवर रक्त कमी चिकटावं म्हणून लेप असतो.

पाइपलाइनच्या मूळ अभ्यासात १०८ रुग्ण होते, फुगे मोठे आणि अवघड, जे कॉइलने नीट बंद होत नसत. सहा महिन्यांनी ७३.६ टक्के फुगे पूर्ण बंद होते, वर्षाने ८६.८ आणि पाच वर्षांनी ९५.२ टक्के. हे आकडे मी नेहमी कागदावर लिहून दाखवते, कारण ते वर चढत जातात. कॉइलची भीती वर्षागणिक पुन्हा उघडण्याची. फ्लो डायव्हर्टरने बंद झालेला फुगा पुन्हा उघडणं दुर्मीळ.

पण चढत्या आकड्यांची दुसरी बाजू अशी की पहिल्या दिवशी फुगा बंद झालेला नसतो. कॉइलने त्याच दिवशी बराचसा भरतो. फ्लो डायव्हर्टर लावून घरी आलेला माणूस काही महिने उघडा फुगा घेऊनच वावरतो. क्वचित या काळात फुगा फुटतो, विशेषतः फार मोठा असेल तर. म्हणून मोठ्या फुग्यात काही डॉक्टर फ्लो डायव्हर्टरसोबत थोड्या कॉइलही टाकतात. २०१३ च्या संकलनात, ज्यात २९ अभ्यासांतले १,६५४ फुगे होते, उपचारामुळे कायमचं नुकसान ५ टक्के आणि मृत्यू ४ टक्के होते. ते सुरुवातीचं यंत्र आणि अवघड फुगे होते. पुढे १२ मिलिमीटरपर्यंतच्या फुग्यांच्या प्रीमिअर अभ्यासात, १४१ रुग्णांत, मोठा पक्षाघात किंवा मृत्यू २.१ टक्के राहिला आणि वर्षाने ७६.८ टक्के फुगे पूर्ण बंद झाले.

मग ८४.७ मोठं की ७६.८? ही तुलना करू नका. दोन अभ्यासांतले फुगे वेगळे, मोजण्याची रीत वेगळी. नातेवाईक मोबाईलवर हे दोन आकडे शेजारी लावतात आणि रात्रभर जागतात, हे मी पाहिलं आहे.

खरा फरक जागेचा आहे. मानेतून वर येणाऱ्या मोठ्या नसेच्या कडेला, काकूंसारख्या ठिकाणी असलेला रुंद तोंडाचा फुगा फ्लो डायव्हर्टरला अनुकूल. नस जिथे दोन फाट्यांत विभागते त्या बेचक्यातल्या फुग्याला तो तितका मानवत नाही. तिथे एक फाटा कायमचा जाळीमागे जातो. मागच्या बाजूच्या नसेतून मेंदूच्या देठाला बारीक फांद्या जातात, तिथेही सावधगिरी लागते. आणि परतीचा विचार: टेकूच्या स्टेंटमधून पुन्हा नळी घालून कॉइल भरता येतात. फ्लो डायव्हर्टरच्या जाळीतून फुग्यात पुन्हा शिरता येत नाही. तो पुरला नाही, तर त्यावर दुसरा बसवावा लागतो.

गोळ्या

आता तो भाग, ज्यासाठी मी लिहायला बसले.

दोन्ही स्टेंटनंतर दोन गोळ्या लागतात: अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, किंवा तिच्या जागी टिकाग्रेलॉर वा प्रासुग्रेल. कारण धातूवर अस्तर वाढेपर्यंत प्लेटलेट्स, म्हणजे रक्त साकळवणाऱ्या बारीक पेशी, त्याला चिकटू पाहतात. उपचाराच्या काही दिवस आधीपासून सुरू करतात. कॉइलच्या टेकूला दोन्ही गोळ्या बहुधा तीन ते सहा महिने, फ्लो डायव्हर्टरला सहा महिने किंवा अधिक, आणि पुढे अ‍ॅस्पिरिन दीर्घकाळ. कागदावर फरक थोडा दिसतो. पण धातू तिप्पट असताना गोळी चुकण्याची किंमतही वाढते. लेप असलेल्या यंत्रानेही गोळ्यांतून सुटका होत नाही.

वेंगुर्ल्याकडच्या एका गृहस्थांना फ्लो डायव्हर्टर बसवून चौथा महिना होता. दाढ काढायची म्हणून कुणीतरी सांगितलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवा. त्यांनी दोन्ही बंद ठेवल्या. कुणाला फोन केला नाही. कारण मुंबईच्या डॉक्टरांना एवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा. पाचव्या दिवशी सकाळी चहाचा कप हातातून पडला. बोलणं अजून पूर्ण सुधारलेलं नाही. दाढ गोळ्या चालू असतानाही काढता येते, दाबून धरायला थोडा जास्त वेळ लागतो इतकंच. त्यांच्या घरात हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही त्यांना त्याआधी भेटले नव्हते. ती खंत माझ्या मनातून जात नाही.

म्हणून स्टेंट निवडण्याआधी घराने स्वतःला विचारावं: हा माणूस सहा महिने, एकही दिवस न चुकता, दोन गोळ्या घेईल का? वाडीतल्या माणसाला गोळ्या तालुक्याहून आणाव्या लागतात. पावसात साकव पाण्याखाली गेला, एसटी आली नाही, की दोन दिवस गोळीविना जातात. निदान महिनाभराचा जादा साठा घरात हवा. खलाशी मालाच्या बोटीवर आठ-आठ दिवस समुद्रात असेल तर गोळ्या पिशवीत नाहीत, गळ्यात असाव्यात.

क्लोपिडोग्रेल काही माणसांच्या शरीरात नीट कामच करत नाही. यकृतातल्या एका एन्झाइमचा जनुकीय फरक आपल्या लोकांत कमी नाही. उपचाराआधी प्लेटलेटची तपासणी करणार का, हे विचारा. नाही चालली तर टिकाग्रेलॉर देतात, पण ती दिवसातून दोनदा घ्यायची आणि काहींना तिने धाप लागल्यासारखं वाटतं. प्रासुग्रेल पूर्वी पक्षाघात झालेल्यांना चालत नाही. पित्तासाठी घरात ओमेप्राझोल असेल तर डॉक्टरांना सांगा, ते क्लोपिडोग्रेलचा जोर कमी करतं. गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेनचंही तेच: अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणि पोटात रक्तस्रावाची भीती.

विळीवर बांगडा कापताना बोट चिरलं, लावणीत जळू लागली, तर रक्त थांबायला वेळ लागेल. घाबरायचं नाही, दाबून धरायचं. शौच डांबरासारखं काळं झालं तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं. माडावर, आंब्याच्या झाडावर चढणं या काळात बंद. आणि पावसाळ्यात ताज्या मासळीऐवजी रोज खारवलेला बांगडा आणि सुकट खाल्ली तर रक्तदाब चढतो. हे मी दर जुलैत बघते.

अंगाला काही झालं तर गोळ्या बंद करायच्या नाहीत, फोन करायचा. ज्यांनी स्टेंट बसवला त्यांना. ते मिळाले नाहीत तर जवळच्या फिजिशियनला. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर तेल चोळत बसू नका, १०८ बोलवा आणि पहिल्या वाक्यात सांगा की मेंदूत स्टेंट आहे.

परत जाण्याचा रस्ता

दोन्हीनंतर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी करतात, मग वर्षाने, मग अंतर वाढत जातं. एमआरआयने भागेल का? काही प्रमाणात. पण धातूमुळे स्टेंटच्या आतलं चित्र पुसट येतं आणि सीटीत कॉइल चकाकते, म्हणून पहिल्यांदा तरी नळीतली अँजिओग्राफीच खात्रीची. कॉइल भरलेल्याने ती चुकवली तर पुन्हा उघडलेला फुगा कुणालाच कळत नाही. फ्लो डायव्हर्टरवाल्याने चुकवली तर फुगा बंद झाला की नाही आणि दुसरी गोळी कधी थांबवायची, हेच ठरत नाही.

आपल्याकडे तारीख काढताना पंचांगाबरोबर घाटही बघावा लागतो. नोव्हेंबरात उपचार केला तर सहावा महिना मे. आंब्याचा हंगाम, बागायतदार घर सोडत नाही. जानेवारीत केला तर जुलै; दरड कोसळून करूळ किंवा आंबोली बंद, गाडी पावसाळी वेळापत्रकावर. तारीख लांबते, आणि मग गणपती, मग दिवाळी. मी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिताना हे स्पष्ट लिहिते, आणि त्यांनी प्रत्येक वेळी ऐकलं आहे. महिना दीड महिना पुढेमागे केलेलं चालतं, पण ते आधी ठरवलेलं असावं.

पैसा

दोन्ही लाखांत जातं, आणि अंदाजपत्रक वाचायची रीत वेगळी. कॉइल नगावर असतात. किती लागतील ते आत गेल्यावर कळतं, म्हणून स्टेंट-कॉइलचा आकडा वाढू शकतो. मोठ्या फुग्यात तर फारच. फ्लो डायव्हर्टर एकटाच महाग, पण बहुधा एकच लागतो, त्यामुळे आकडा आधी कळतो. रुग्णालयाकडून लेखी घ्या: यंत्राचं नाव, नग किती धरले, जादा लागले तर दर किती. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसवायचं असेल तर दाखल होण्यापूर्वी आरोग्यमित्राला भेटा आणि नेमकं हे यंत्र त्या पॅकेजमध्ये आहे का ते विचारा. टिकाग्रेलॉर लागली तर महिन्याचा औषधखर्चही हिशेबात धरा.

घरी येताना यंत्राचं कार्ड आणि डबीवरचे स्टिकर मागून घ्या. पुढे कधी गुडघ्याचा एमआरआय करायचा झाला तरी तंत्रज्ञ तेच मागतो. नकली दागिन्यांनी अंगावर पुरळ उठतं अशा बाईने निकेलची गोष्ट आधीच सांगावी. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनबद्दल आणि किडनीच्या क्रिएटिनिनबद्दलही, कारण अँजिओग्राफीत आयोडीनचं औषध वापरतात.

दोन्ही नको तेव्हा

फुगा फुटून आलेल्या रुग्णात डॉक्टर शक्यतो स्टेंट टाळतात. डोक्यातलं पाणी काढायला नळी घालावी लागेल अशा माणसाला दोन गोळ्या देणं धोक्याचं. तेव्हा नुसती कॉइल, किंवा कॉइल भरताना तोंडाशी तात्पुरता बलून फुगवून ती आत राखायची आणि शेवटी बलून काढून घ्यायचा. मागे काही राहत नाही, महिनोन्‌महिने दोन गोळ्याही नाहीत. न फुटलेल्या फुग्यातही बलूनने भागेल का, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारायला सांगते.

बेचक्यातल्या रुंद तोंडाच्या फुग्यासाठी ‘वेब’ नावाची तारांची टोपली आहे. ती पूर्णपणे फुग्याच्या आत बसते. दीडशे रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात वर्षाने ५३.८ टक्के फुगे पूर्ण आणि ८४.६ टक्के पुरेसे बंद झाले. आकडे स्टेंटपेक्षा कमी दिसतात, पण मुख्य नसेत धातू राहत नाही, म्हणून गोळ्यांचं ओझं हलकं.

आणि कवटी उघडून क्लिप. हे नाव ऐकलं की घर हादरतं. पण मालवणच्या चाळिशीतल्या एका खलाशाला मी तिकडेच वळवलं. फुगा मेंदूच्या बाजूच्या नसेच्या बेचक्यात, वरून हाताला येणारा. माणूस पंधरवड्यातले दहा दिवस समुद्रात, संध्याकाळी पिणारा, रक्तदाबाची एक गोळीही धड न घेणारा. त्याच्या बायकोने स्पष्ट सांगितलं की दोन गोळ्यांची हमी ती देऊ शकत नाही. सर्जनने क्लिप लावली. दोन महिने तो घरी बसला. आज त्याला मेंदूच्या फुग्यासाठी एकही गोळी नाही.

काकूंचं काय झालं

त्या दिवशी मी काकांना आधी दोन प्रश्न विचारले. काकूंच्या थायरॉइडची गोळी कोण बघतं? काकू म्हणाल्या, “मीच. बारा वर्षां झाली, एक दिस चुकाक नाय.” आणि मुंबईत कोण आहे? मुलगा डोंबिवलीत, त्याच्याकडे दोन खोल्या.

फुगा कडेचा, तोंड रुंद, डोळ्यामागची जागा. गोळ्या चुकणार नाहीत, आणि सहा महिन्यांनी मुंबईला राहायला घर आहे. मी म्हटलं, या घरासाठी मला मुंबईचा कागद जास्त पटतो. काकूंच्या जागी तो खलाशी असता, तर मी दोन्ही कागद परत पिशवीत घालायला सांगितले असते. कोल्हापूरच्या डॉक्टरांना मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, तिथे राहायला कुणी असेल तर तसं करा, मीही हरकत घेणार नाही. मोठ्या मनाने बोलले.

उपचार ऑगस्टच्या शेवटी झाला. गणपतीला काकू घरी होत्या, मोदक सुनेने केले. मागच्या आठवड्यात रक्तदाब दाखवायला आल्या तेव्हा दंडावर दोन काळेनिळे डाग होते आणि पर्समध्ये गोळ्यांची सात घरांची डबी. त्या दिवसाचं घर रिकामं. सहावा महिना फेब्रुवारीत येतो, आंबा उतरायच्या आधी. भिंतीवरच्या कालनिर्णयवर काकांनी त्या तारखेला लाल पेनाने गोल केला आहे आणि खाली लिहिलंय: मुंबई, कोकणकन्या, तिकीट काढले.